पहिली कयाक : नागपूरच्या आसपासच्या पाण्यासाठी स्थिर आणि परवडणारी कोणती?

मानेवाडा_चौक
नमस्कार मंडळी. मला आणि बायकोला कयाकिंग सुरू करायचं आहे. शर्यत नाही, मासेमारी नाही, हिवाळ्यात सकाळी दोन-तीन तास शांत पाण्यात फिरायचं एवढंच. माझं वजन ७८ किलो, उंची ५ फूट ७ इंच. बायको ५८ किलो. मला जेमतेम पोहता येतं, तिला येत नाही. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, गाडी छोटी हॅचबॅक. सगळं मिळून बजेट चाळीस हजार. ऑनलाइन पाहिलं तर हवा भरायच्या, कडक प्लास्टिकच्या, एकट्याच्या, दोघांच्या अशा शंभर दिसतात आणि प्रत्येकीखाली ‘अत्यंत स्थिर’ लिहिलेलं आहे. नेमकं पाहायचं काय?

पाणकावळा
‘स्थिर’ हा शब्द सोडा, मापं बघा. नवशिक्यासाठी तीन आकडे पुरतात.

रुंदी ७५ ते ८२ सेंमी. ७० च्या खाली गेलात की सुरुवातीचे दिवस तोल सांभाळण्यातच जातात. ८५ च्या वर गेलात की वल्हं पाण्यापर्यंत नेताना हात कडेला घासतो आणि कयाक पुढे कमी, डावी-उजवीकडे जास्त जाते.

लांबी २.७ ते ३.१ मीटर. अडीच मीटरच्या कयाक स्वस्त असतात, पण प्रत्येक वल्ह्याला तोंड फिरवतात. नवीन माणूस सरळ जाता येत नाही म्हणून कंटाळतो, आणि दोष स्वतःच्या हातांना देतो. तीन मीटरची कयाक आरामात ताशी चार-पाच किलोमीटर चालते, तेवढं पुष्कळ.

तिसरा आकडा भारक्षमतेचा, आणि इथेच लोक फसतात. कंपनी १२० किलो लिहिते, तेव्हा एवढ्या वजनाला कयाक बुडत नाही इतकाच त्याचा अर्थ. चांगली चालावी तर त्याच्या ६५ ते ७० टक्केच धरा. १२० चे ७० टक्के म्हणजे ८४. तुमचे ७८, जॅकेट १, पाणी ३ लिटर म्हणजे ३, ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) आणि कपडे ३. झाले ८५. म्हणजे १२० वाली तुम्हाला पहिल्याच दिवशी काठोकाठ. १४०-१५० लिहिलेली बघा. बायकोसाठी १०० ते ११० पुरेल.

आता तळाचा आकार. कयाक उलटी करून पाहा. सपाट तळ किंवा दोन्ही बाजूंना फुगीर आणि मध्ये खोलगट असा तळ बसल्याबसल्या घट्ट वाटतो. गोल तळ बसताना डुलतो, पण लाटेवर बरा वागतो. तुमच्या कामाला पहिला प्रकार. मागच्या टोकाला उभी पट्टी घडवलेली असेल तर घ्याच, सरळ जायला मदत होते.

बसायची उंचीही मोजा. मासेमारीच्या कयाकवर खुर्चीसारखी उंच सीट असते, फोटोत फार आरामशीर दिसते. माणूस पंधरा-वीस सेंमी वर गेला की गुरुत्वमध्य वर जातो आणि तीच ८० सेंमीची कयाक ७० ची असल्यासारखी डुलते. सीट तळालगतच हवी.

खिंडसीचा_वारा
पाणकावळा यांच्या सगळ्या आकड्यांना अनुमोदन. त्यात एक भर : उघडी की बंद, हे आधी ठरवा. आपल्याकडे नवशिक्याने उघडीच, म्हणजे वर बसायची सिट-ऑन-टॉपच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण असं. सिट-इन, म्हणजे पाय आत घालून बसायची बंद कयाक, उलटली की पोटात शे-दीडशे लिटर पाणी जातं. तेवढं पाणी पाण्यात उभं राहून काढता येत नाही, त्यात परत चढायला गेलात की पुन्हा उलटते. समुद्री कयाकना पुढे-मागे बंद कप्पे असतात म्हणून त्या तरंगत राहतात, पण स्वस्त सिट-इनमध्ये पुढचा कप्पा बहुधा नसतोच. सिट-ऑन-टॉपचं अंग बंद असतं आणि बैठकीतून तळापर्यंत आरपार भोकं असतात, पाणी आपोआप निघून जातं. शिवाय पाय कुठे अडकण्याची भीती नाही.

बूड ओलं होतं ही तक्रार खरी आहे. त्या भोकांना रबरी बुचं मिळतात. पण चारही बंद करून टाकू नका, नाहीतर वल्ह्यावरून गळणारं पाणी बैठकीत साचतं. बैठकीखालची दोन लावा, पायाजवळची मोकळी ठेवा. एवढं करून बैठकीत पाणी येतच राहिलं तर भार जास्त झालाय असं समजा.

मानेवाडा_चौक
बंद-उघडीचं कळलं. पण तीन मीटरची कयाक तिसऱ्या मजल्यावर न्यायची कशी? लिफ्टमध्ये बसणार नाही. म्हणून हवा भरायच्या कयाकचा विचार करून राहिलो. इंटेक्सची एक्सप्लोरर के२ दोघांची आहे, बजेटमध्येही बसते.

जलसखी
तुमची अडचण खरी आहे. जिन्याच्या वळणावर तीन मीटरची वस्तू वळत नाही, आणि पार्किंगमध्ये ठेवायला सोसायटीची परवानगी लागते. तेव्हा हवेची कयाक हा कमीपणाचा पर्याय मानू नका. फक्त तिच्या सवयी माहीत करून घ्या.

एक्सप्लोरर के२ साधारण ३१२ सेंमी लांब, ९१ रुंद, क्षमता १८० किलो. तुम्ही दोघं मिळून १३६. सामान धरून १४२ च्या पुढे जाल. म्हणजे ७० टक्क्यांच्या रेषेच्या थोडं वर. चालेल, पण वर छोटा मुलगा बसवायचा नाही. तोल उत्तम, कारण रुंद आहे आणि दोन्ही बाजूंच्या फुगीर नळ्या आधार देतात. वेग कमी आणि वारा लागतो, कारण पाण्याच्या वर अंग जास्त.

पहिली गोष्ट काटे. आपल्या तलावांच्या काठी बाभळी आहेत आणि वाळलेला काटा मातीत उभा राहतो. हवा भरायच्या आधी ताडपत्री अंथरा. भरलेली कयाक दोघांनी उचलून पाण्यात ठेवा, ओढत नेऊ नका. चपलेच्या तळव्यात रुतलेला काटा आत बसताना कयाकच्या फरशीत जातो, म्हणून चढण्याआधी तळवे बघायचे. पंक्चर बहुतेक वेळा असंच, आतून होतं.

दुसरी गोष्ट ऊन. सकाळी २५ अंशाला नळीत १ पीएसआय दाब भरला आणि काठावर उन्हात राहून आतली हवा ५० अंशांवर गेली, तर दाब साधारण सव्वादोनवर जातो. दुपटीहून जास्त! नळी थोडी ताणते म्हणून प्रत्यक्षात जरा कमी, पण शिवण तिथेच सुटते. उच्च दाबाच्या, म्हणजे आत धागे विणलेल्या फरशीत १० पीएसआय असेल तर ते १२ होतात, तिथे वाढ प्रमाणात कमी दिसते. म्हणून स्वस्त कमी दाबाची कयाकच उन्हात जास्त मरते. पाण्याबाहेर काढली की प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा, नाहीतर सावलीत ठेवा. उलटंही होतं : काठावर टणक भरलेली कयाक थंड पाण्यात गेली की दहा मिनिटांत मऊ पडते. ती गळत नाहीये. काठाला येऊन पाच-सात पंप मारा. इंटेक्सच्या व्हॉल्व्हजवळ मोजपट्टी छापलेली असते. हवा भरल्यावर ती किती ताणली जाते त्यावरून दाब कळतो. हाताच्या अंदाजापेक्षा ती विश्वासाची.

आणि पंक्चर काढायला सायकलच्या दुकानात नेऊ नका. ते सोल्यूशन रबराचं, पीव्हीसीवर दोन दिवसांत सुटतं. पीव्हीसीचाच चिकटा आणि पीव्हीसीचाच तुकडा हवा. हवा पूर्ण सोडा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, भोकाच्या चारही बाजूंना निदान ३ सेंमी जाईल असा गोल तुकडा कापा. कोपरे ठेवू नका, कोपऱ्यापासून उखडतो. कयाकवर आणि तुकड्यावर दोन्हीकडे पातळ चिकटा लावा, जरा चिकट होऊ द्या, दाबून वर वजन ठेवा, आणि २४ तास हवा भरू नका.

पावसाळ्यात गुंडाळून ठेवण्याआधी घड्यांतलं पाणी फडक्याने टिपा, सावलीत पूर्ण वाळवा. आणि ठेवायची ती झाकणाच्या ड्रममध्ये. उंदीर पीव्हीसी कुरतडतात.

खिंडसीचा_वारा
जलसखी, सगळं पटलं, पण नवशिक्यांना वाऱ्याचं नीट सांगायला हवं. खिंडसीसारख्या मोठ्या उघड्या पाण्यावर हवेची कयाक ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात उलट्या दिशेने जवळजवळ थांबते. दोघंही नवीन, एकीला पोहता येत नाही, आणि काठ एक किलोमीटर लांब. या प्रसंगात जड कडक कयाक तुम्हाला परत आणते. त्यामुळे माझं मत अजूनही कडक प्लास्टिककडे.

जलसखी
मग कडक कयाकवाल्यालाही त्या वाऱ्यात जाऊ नको असंच सांगाल ना? लाटांवर पांढरा फेस दिसायला लागला की वारा ताशी १८-२० च्या पुढे गेलाय, नवशिक्याने काठावरच राहायचं, कयाक कोणतीही असो. निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. हे पाळलं आणि काठापासून पन्नास मीटरच्या आत राहिलं तर हवेची कयाक पुरते. तळाची पट्टी मात्र न विसरता लावायची, ती नसेल तर गोल गोल फिराल.

खिंडसीचा_वारा
काठाच्या पन्नास मीटरमध्ये राहणार असतील तर हरकत नाही. हे मान्य.

प्लास्टिकवाला_हिंगणा
भाऊ, कडक घ्याल तर माल पाहून घ्या. या कयाक रोटोमोल्डिंगने बनतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बनतात तीच पद्धत : साच्यात पॉलिथिलीनची भुकटी टाकायची, भट्टीत साचा दोन अक्षांवर फिरवायचा, भुकटी वितळून भिंतींना बसते. भट्टी कमी लागली तर आतली बाजू खरखरीत, वाळूसारखी राहते. जास्त लागली तर आत पिवळसर पडते, जळका वास येतो आणि माल ठिसूळ होतो. म्हणून हॅच, म्हणजे वरचं झाकण उघडा, मोबाइलचा टॉर्च आत टाका आणि बोट फिरवा. आत गुळगुळीत, एकसारखा रंग पाहिजे. मग उलटी करून तळाला अंगठ्याने दाबत जा. एखाद्या ठिकाणी लगेच दबतं तर तिथे भिंत पातळ आहे. कोपरे आणि टोकं खास बघा.

आरपार भोकांच्या नळ्या सगळ्यात कच्ची जागा. ट्रॉलीचे दांडे भोकांत घालून कयाक ओढतात ना, त्यानेच त्या फाटतात. पट्ट्याने बांधायची, खालून आधार देणारी ट्रॉली घ्या.

जुनी घेत असाल तर हॅचमधून दहा लिटर पाणी ओता, हॅच आणि बूच लावा, कयाक चारही अंगांवर पाच-पाच मिनिटं ठेवा. बाहेर ओल दिसली की तिथे चीर. चीर पडलेली असेल तर कोणी म्हणेल एमसील लावा, अ‍ॅराल्डाइट लावा. पॉलिथिलीनवर यातलं काहीच धरत नाही, वाळल्यावर पापडी निघते. ती प्लास्टिक वेल्डिंगनेच भरायची, आणि सळई त्याच प्लास्टिकची पाहिजे. टोकापासून आणखी पसरू नये म्हणून चिरेच्या दोन्ही टोकांना आधी ३ मिलीमीटरचं भोक पाडायचं. वेल्डिंग करणारे गाडीचे बंपर जोडणाऱ्यांत सापडतात, पण बंपर बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो, म्हणून तीच सळई वापरू देऊ नका.

आणि ठेवायची कशी तर आपल्या मे महिन्यात दोन विटांवर ठेवली की तळाला दोन खड्डे. कुशीवर उभी करा, नाहीतर पाच सेंमी रुंद पट्ट्यांवर टांगा, दोन्ही टोकांपासून पाव-पाव लांबी सोडून. सावलीतच. खड्डा पडलाच तर आतून गरम पाणी टाकून हळू बाहेर दाबा, बराचसा येतो.

गाडीवर नेताना उलटी बांधा आणि रॅचेटवाले पट्टे वापरू नका, कडक कडक करत माणूस जास्त आवळतो आणि उन्हात तळ चेपतो. साधे बकलचे पट्टे हाताने ओढून पुरतात. तीन मीटरची कयाक छोट्या हॅचबॅकच्या लांबीपेक्षा कमीच असते, बाहेर लोंबत नाही. पुढच्या टोकाला दोरी मात्र बांधाच.

मानेवाडा_चौक
ऑनलाइन कडक कयाकवर डिलिव्हरी इतकी जास्त काहून दाखवते? वजन तर २२ किलोच आहे.

पाणकावळा
कारण कुरियर आकारमानाचं वजन धरतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंमीत, भागिले ५०००. ३०० × ७८ × ३५ भागिले ५००० म्हणजे १६४ किलो. तुम्ही १६४ किलोचे पैसे भरता. विक्रेत्याला सरळ विचारा, घरपोच नको, ट्रान्सपोर्टने पाठवा, वाडीच्या गोडाऊनवरून मी उचलतो. दोन कयाक एकात एक रचून येत असतील तर ओळखीत कोणी घेणारा शोधा, भाडं वाटून जातं. हवेच्या कयाकचा हा प्रश्नच नाही, ती खोक्यात येते.

जलसखी
आता बजेटबद्दल, आणि हे मी कयाकपेक्षा महत्त्वाचं मानते. चाळीस हजारांतले आठ-नऊ हजार आधी बाजूला काढा, जॅकेट आणि वल्ह्यांसाठी. उरेल त्यात कयाक बसवा. लोक नेमकं उलटं करतात, सगळे पैसे कयाकवर आणि जॅकेट बोटिंगवाल्याकडचं जुनं.

जॅकेटवर न्यूटन लिहिलेलं असतं. ५० न्यूटनचं पोहणाऱ्या माणसासाठी, ते साधारण पाच किलोचा उचल देतं. ताईंसाठी १०० न्यूटनचं घ्या, आणि तुम्हीही जेमतेम पोहता तर तुम्हालाही तेच. माप छातीच्या घेरावर, आणि घालून पट्टे आवळल्यावर कोणीतरी खांद्यांना धरून वर ओढायचं. कानापर्यंत आलं तर मोठं आहे.

नाव नसलेल्या स्वस्त जॅकेटमध्ये थर्माकोलचे तुकडे भरलेले असतात, दाबले की आत कुरकुरतात आणि मोडतात. खात्री करायची सोपी रीत : जिममधल्या लोखंडी प्लेटा ५ किलोच्या बांधा आणि पाण्याच्या ड्रममध्ये सोडा. लोखंडाचं पाण्यातलं वजन ४.४ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ५० न्यूटनच्या जॅकेटने ते सहज तरंगवलं पाहिजे, तासाभराने सुद्धा. १०० न्यूटनच्या जॅकेटला १० किलो बांधा. दगड बांधून तपासू नका, दगड पाण्यात फार हलका होतो आणि खोटं जॅकेट खरं ठरतं.

वल्हं ७५-८० सेंमी रुंद कयाकला २३० सेंमीचं, ९० च्या हवेच्या कयाकला २४०. सोबत येणारं बहुधा २१८-२२० असतं, नळीला घासतं. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, नायलॉनची पाती पुरेत. मध्ये जोड असतो, तिथे हलवून पाहा, खडखड नको. पाती सरळ रेषेत ठेवा, तिरपा कोन नवशिक्याच्या मनगटाला नको. आणि वल्ह्याला दोरी बांधा, उलटल्यावर वल्हं वाऱ्याने निघून जातं.

शिट्टी जॅकेटलाच बांधलेली हवी.

खिंडसीचा_वारा
आणि पहिल्या दिवशी मुद्दाम उलटायचं. कमरेइतक्या पाण्यात, शेजारी कोणीतरी उभं असताना. कयाक उलटी झाली की बाजूने हात पलीकडे टाकून भोकाला किंवा पट्ट्याला धरायचं आणि अंगावर ओढून सरळ करायची. मग मध्यापाशी दोन्ही हात ठेवायचे, पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारायचे, आणि पोट कयाकवर सरकवायचं. वर चढायचं नाही, सरकायचं. पोट आडवं पडलं की उताणं फिरून बूड बैठकीत टेकवायचं, शेवटी पाय आत. पाय खाली सोडून हाताच्या जोरावर चढायला गेलं की पाय कयाकखाली जातात आणि ती पुन्हा अंगावर येते. सगळे इथेच चुकतात. दोघांच्या कयाकवर एकाने समोरच्या बाजूने वजन द्यायचं, दुसऱ्याने चढायचं. हे जमल्याशिवाय खोल पाण्यात नाही.

पाणकावळा
जागेचं सांगून ठेवतो. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं, तिकडे विचारही नको. गोरेवाड्याचं पाणी शहराच्या पिण्यासाठी आहे. अंबाझरीत जलपर्णी असते तेव्हा वल्हं अडकतं, शिवाय शहरातल्या कुठल्याही तलावात परवानगी लागते. बाहेरचे जलाशय जलसंपदा विभागाचे, तिथल्या शाखा कार्यालयात लेखी विचारा. खिंडसीला बोटिंग केंद्र आहे, तिथल्या माणसांशी बोलून त्यांच्या नजरेच्या टप्प्यातच सुरुवात करणं सगळ्यात बरं. २०१७ च्या जुलैत वेणा जलाशयात नाव उलटून नागपूरची तरुण मुलं गेली, तेव्हा शहराजवळचं ओळखीचं पाणी म्हणून हलकं घेऊ नये.

ढिवरांची जाळी पाण्यात असतात. प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले की त्या खाली जाळं. ओळीच्या टोकाला वळसा घाला, मधून जाऊ नका. तळाची पट्टी जाळ्यात अडकते, जाळं फाटतं, त्यांचं दिवसाचं नुकसान होतं आणि तुम्हीही तिथेच अडकता.

मे महिन्यात पाणी उतरलं की काठाला काळ्या मातीचा गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, आत मांडीपर्यंत. उतरायला मुरमाड किंवा दगडी काठच निवडा. आणि गडगडाट ऐकू आला की काठ, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात नाही.

मानेवाडा_चौक
म्हणजे माझ्यासाठी : दोघांची हवेची, २४० ची दोन वल्ही, १०० न्यूटनची दोन जॅकेट, ताडपत्री, पीव्हीसीचा पॅच. की एकट्याच्या दोन कडक?

जलसखी
ठेवायला जागा नाही तोवर हवेची. बसताना जड माणूस मागे, म्हणजे तुम्ही. पुढचं टोक किंचित वर राहतं आणि पुढच्याच्या वल्ह्याची लय मागच्याला दिसते. लय पुढच्याने ठरवायची, दिशा मागच्याने सांभाळायची. लय जुळली नाही तर वल्ही एकमेकांवर आपटतात.

प्लास्टिकवाला_हिंगणा
खोकं आलं की घरात हॉलमध्येच भरून चोवीस तास ठेवा. पंखा बंद, ऊन नाही. दुसऱ्या दिवशी थोडी मऊ झाली तर ठीक, नवं पीव्हीसी ताणतं, हवा भरा आणि आणखी एक रात्र ठेवा. पुन्हा मऊ झाली तर साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हवर, मग शिवणींवर फिरवा. बुडबुडा शिवणीत दिसला तर पॅच मारू नका, परत करा. व्हॉल्व्हवर दिसला तर झाकण काढून बघा, बहुतेक वेळा कारखान्यातली भुकटी किंवा धागा अडकलेला असतो, पुसला की बसतं.